चाळिशीनंतर फ्लाय बांधताना: आधी अंतर, मग उजेड, शेवटी भिंग

फ्लाय म्हणजे माशाला फसवायला गळावर दोरा आणि पिसं बांधून केलेला नकली किडा. चाळिशी लागली की फ्लायचं डोकं, म्हणजे नेढ्यामागचे दोऱ्याचे शेवटचे वेढे, सगळ्यात आधी बिघडतं. दोरा गळाच्या नेढ्यावर चढतो, हॅकलचे (गळाभोवती गुंडाळलेल्या पिसाचे) केस वेढ्यांखाली दबतात, आणि नदीवर टिपेट (दोरीचं शेवटचं बारीक टोक) ओवायला घ्यावं तर नेढं बुजलेलं निघतं. महसीरसाठीच्या २ ते ६ नंबरच्या गळांवर हे खपून जातं. ट्राउटच्या १६-१८ नंबरला नाही, कारण नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. वयानुसार डोळ्यातलं भिंग कडक होतं आणि जवळचं पाहताना पुरेसं फुगत नाही, एवढंच यामागचं कारण. बहुतेक जण यावर लगेच मोठं भिंग विकत आणतात. अंतर आणि उजेड जुळवल्याशिवाय त्याचा फारसा उपयोग होत नाही.

नेहमीच्या जागी बसा, वाइसमध्ये (गळ धरून ठेवणाऱ्या शिकंजात) गळ लावा आणि नाकाच्या वरच्या टोकापासून गळापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून घ्या. १०० ला त्या आकड्याने भागा. ४० सेंमीला अडीच येतो, ३३ सेंमीला तीन. त्या अंतरासाठी लागणारा हा जास्तीत जास्त प्लस नंबर. दूरचा नंबर असेल तर तो यात मिळवायचा: दूरचा उणे दोन असेल तर ४० सेंमीसाठी फक्त प्लस अर्धा उरतो. पंचेचाळिशीत डोळ्याची स्वतःची ताकद थोडी शिल्लक असते, म्हणून प्रत्यक्षात याहून कमी नंबर पुरतो. चष्मा करायला जाताना त्या अंतराएवढी सुतळी कापून न्या आणि याच अंतराला तपासा असं सांगा. वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी केलेला असतो, तो इथे बसेलच असं नाही.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. गळ समोर असला की हनुवटी वर करावी लागते आणि तासाभरात मान धरते. बांधण्यासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या, हा खर्च टाळू नका. वाइसही उंच करा, छातीच्या वरच्या भागापर्यंत, म्हणजे वाकावं लागत नाही.

हिमाचलमध्ये ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते. तिथल्या तीर्थन नदीवर जाणारे अनेक जण याच काळात रात्री बसून फ्लायचा डबा भरतात, त्यामुळे दिवा नीट निवडायला हवा. वय वाढतं तशी बाहुली लहान राहते आणि आत उजेड कमी जातो. पिवळसर बल्ब नको. ४००० ते ५००० केल्व्हिनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा एलईडी घ्या. दिवा वरून आणि डोळ्यांच्या पुढे असावा, उजव्या हाताने बांधणाऱ्याच्या डावीकडे, गळापासून ३० सेंमीवर. ६० सेंमीवरचा दिवा ३० वर आणला की उजेड जवळपास चौपट होतो. अशा वेळी महागडा दिवा घेण्यापेक्षा आहे तोच जवळ ओढणं बरं. खोलीतला दिवाही चालू ठेवा, नाहीतर नजर उजेड-अंधारात सारखी फिरून थकते.

वाइसच्या मागे २५ सेंमीवर फिकट राखाडी किंवा निळसर कार्डशीट उभी करा. चकाकणारी नको. पांढरं हॅकल असेल तेव्हा गडद हिरवी. पसाऱ्यावर पाहत बांधलं की दोरा कुठे संपतो ते कळत नाही, हा फरक पहिल्याच फ्लायला जाणवतो.

एवढं करूनही पुरेसं दिसत नसेल, तर भिंग. ३ डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप) सुमारे पावणेदोन पट मोठं दाखवतं, ५ चं सव्वादोन पट. पण ताकद वाढली की भिंग गळाच्या जवळ आणावं लागतं आणि व्हिप फिनिशर (शेवटची गाठ मारायचं हत्यार) काचेवर आपटतो. डोक्याला लावायचं पावणेदोन ते दोन पटीचं बहुतेकांना पुरतं. घड्याळजीचं एका डोळ्याचं भिंग मात्र घेऊ नका. एका डोळ्याने जवळ-लांबचा अंदाज येत नाही आणि दोरा गळाच्या पुढून निसटतो. काम झालं की भिंगावर कापड टाका. खिडकीतून ऊन पडलं तर पिसं पेट घेऊ शकतात.

आता बांधणीची पद्धत. नेढ्यामागे एका नेढ्याएवढी दांडी मोकळी सोडून मगच दोरा सुरू करा आणि त्या जागेत शेवटपर्यंत जाऊ नका. मणी लावलेली निम्फ (पाण्याखालच्या किड्याची नक्कल) बांधली तर मणीच हद्द ठरवतो. काळा दोरा टाळा: ७० डेनियरचा (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप) पांढरा वापरून शेवटी मार्करने रंगवा. वेढे मोजायची सवय लावा: सुरुवातीला पाच, शेपटीला चार, व्हिप फिनिश पाच वेढ्यांचा दोनदा. हॅकलची लांबी नजरेने ठरवू नका, हॅकल मोजायच्या गेजवर लावून पाहा. ड्राय फ्लायला (पाण्यावर तरंगणाऱ्या) गळाच्या फटीच्या, म्हणजे टोक आणि दांडी यांमधल्या अंतराच्या, दीडपट. २० नंबरची फ्लाय हवी असेल तर तेवढीच सजावट १६ च्या गळावर आखूड बांधा. डिंक ओला असतानाच नेढ्यातून पिसाची दांडी काढा. वाळल्यावर सुई लागते.

मोतीबिंदू वाढत असेल तर निळा-राखाडी, मळकट हिरवा यांत गल्लत होते. डबिंगच्या (दोऱ्याला लावायच्या लोकरीच्या) पिशव्यांवर दिवसाउजेडी ठळक अक्षरांत रंग लिहून ठेवा. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर दुसऱ्या डोळ्याचं आणि चष्म्याचं जुळेपर्यंत बारीक गळ बाजूला ठेवा. अचानक पडदा आल्यासारखं वाटलं, चमका दिसल्या किंवा वाइसची सरळ दांडी वाकडी दिसू लागली, तर चष्म्याच्या दुकानात न जाता थेट नेत्रतज्ज्ञ गाठा.

नदीवर जायच्या आदल्या रात्री, चांगल्या उजेडात, फ्लाय थ्रेडरवर (तारेचा फास असलेल्या ओवणीवर) दहाबारा फ्लाय ओवून ठेवा. नदीवर टिपेटचं टोक तिरकं कापा, थ्रेडरच्या फासातून घाला आणि फ्लाय त्यावर सरकवा. संध्याकाळी नेढं आभाळाकडे धरून शोधायची वेळ येत नाही.