ब्रेगे यांचे सोन्याचे रिपीटर घड्याळ कसे पारखावे

तबकडीवर नामांकित घड्याळजी आब्राम-लुई ब्रेगे यांचे नाव ठळक दिसते, एवढ्यावरून जुने रिपीटर, म्हणजे दांडी दाबताच ठोक्यांनी वेळ सांगणारे घड्याळ, त्यांच्या हातचे ठरत नाही. १७७५ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये काम सुरू केले आणि त्यांच्या हयातीतच नकला इतक्या बोकाळल्या की १७९५ च्या सुमारास ते तबकडीवर एक गुप्त सही कोरू लागले. ती आधी शोधावी. मिन्याच्या पांढऱ्या तबकडीवर बाराच्या आकड्याखाली, तर धातूच्या तबकडीवर त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना, उजेड तिरपा पाडून भिंगाने पाहावे; समोरच्या उजेडात ती अक्षरे जवळजवळ अदृश्य असतात. त्याआधीच्या घड्याळांवर ती नसणारच, आणि तबकडी बदललेली असल्यासही नसेल.

यानंतरची परीक्षा कानाची, आणि माझ्या मते खरी मौज तिच्यातच आहे. मात्र घड्याळ वर्षानुवर्षे बंद असेल तर आतले तेल सुकलेले असते, म्हणून जाणकार कारागिराकडून साफसफाई होईपर्यंत ठोके देण्याची दांडी दाबू नये. त्यानंतर ती एका दमात शेवटपर्यंत दाबून सोडावी. या दाबानेच ठोक्यांची वेगळी छोटी स्प्रिंग भरली जाते. पाव तासाच्या रिपीटरमध्ये तासांचे एकेरी आणि पाव तासांचे जोडठोके पडतात, म्हणजे तीन वाजून चाळीस मिनिटांनी तीन एकेरी व दोन जोडठोके ऐकू येतात. बारा वाजून पाऊण तास उलटल्यावर, एक वाजण्याच्या किंचित आधी, बारा एकेरी व तीन जोडठोके पडले पाहिजेत, आणि एक वाजताच नेमका एकच ठोका. इथे मोजणी चुकली, तर आतले भाग झिजलेले किंवा बिघडलेले आहेत असे समजावे. ठोके चालू असताना काटे मुळीच फिरवू नयेत.

आवाजाची जातही ऐकावी. पूर्वीच्या रिपीटरमध्ये घंटा असे, त्यामुळे घड्याळ जाड होई. १७८३ मध्ये ब्रेगे यांनी तिच्या जागी यंत्राभोवती वळवलेली पोलादी तार आणली, तेव्हा घड्याळ सडपातळ झाले. काही घड्याळांत मात्र ठोका थेट पेटीवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या आवरणावर पडतो, त्यामुळे केवळ बद्द आवाजावरून दोष काढू नये.

पेटीवर गरुडाच्या डोक्याचा छाप असेल, तर तो १८३८ पासूनचा फ्रेंच सोन्याचा छाप आहे. ब्रेगे १८२३ मध्येच वारले, म्हणून पेटी नंतरची असेल किंवा सोन्याच्या शुद्धतेच्या तपासणीला पुन्हा गेली असेल. शेवटी यंत्रावरचा आणि पेटीवरचा क्रमांक जुळवून ब्रेगे कंपनीकडे पाठवावा. विक्रीच्या जुन्या वह्या तिने आजही जपून ठेवल्या आहेत.