डायरीत ‘समजावलं’ लिहिण्याआधी

माझ्या डायरीत 28 मे 2019च्या पानावर एवढंच आहे : ‘आज फार दमले. रात्री आईला समजावलं, मग तिला शांत झोप लागली.’ परवा कूलर काढताना ते पान हाती लागलं आणि मी ताट्या तशाच टाकून बसले. असं झालंच नव्हतं.

तुम्ही डायरी लिहीत असाल तर आधी क्रियापदं तपासा. समजावलं, सांभाळून घेतलं, सोडून दिलं, सहन केलं. यांत घडलेलं काहीच नसतं, आपण आपल्या बाजूनं दिलेला निकाल असतो. त्याऐवजी तोंडून निघालेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. किती वाजले होते, हातात काय होतं, तेही. कारणं मात्र त्या दिवशी नकोत. ‘पण’ आला की आपण आपलीच वकिली करू लागतो. कारणांसाठी शेजारचं पान कोरं ठेवा, आठवड्यानं भरा. निम्मी कारणं तोवर गळून पडतात, हा माझा अनुभव.

प्रसंग मात्र त्याच दिवशी उतरवा. 28 जानेवारी 1986ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून ‘बातमी तुम्हाला कुठे, कशी कळली’ हे लिहून घेतलं. अडीचेक वर्षांनी त्यातल्या 44 जणांना पुन्हा विचारलं, तर 11 जणांचा एकही मुद्दा स्वतःच्याच कागदाशी जुळला नाही. बातमी कळल्याची आठवण इतकी बदलते, मग जिथं लाज वाटते तिथली किती बदलत असेल!

डायरी कुलुपात ठेवा. माझी नागपुरात धंतोलीतल्या घरात टेबलावर असायची. मुलगी कधीतरी वाचेल, हे मनात धरूनच मी लिहीत होते हे आता दिसतं.

आणखी एक पळवाट आहे आणि ती ओळखायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ‘मी वाईट मुलगी आहे’ असं पानभर लिहायचं. रडू येतं, मोकळं वाटतं, आणि नेमकं काय केलं ते लिहायचं राहूनच जातं. स्वतःला शिव्या घालणं म्हणजे खरं बोलणं नव्हे. असं वाक्य आलं की थांबा आणि त्याखाली त्या दिवशीची एक कृती लिहा.

जुनं पान फाडू नका, खोडूही नका. खाली आजची तारीख घालून वेगळ्या शाईनं लिहा. मी हिरव्या शाईनं लिहिलं :

‘रात्रीचे दोन. कूलरची टाकी रिकामी, ताट्या कोरड्या, नवतपाची गरम हवा. आईनं तिसऱ्यांदा हाक मारली. मी अंथरुणातूनच ओरडले, “किती वेळा उठवून राहिली तू मला?” पाणी भरलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली नाही. सकाळी तिच्या उशाशी ओला पंचा होता. तो मीच दोरीवर वाळत घातला.’