ओढ्यातला ट्राउट की हॅचरीतला? या चुका टाळा

गंगापूर धरणाच्या काठावर रोहू-कटला काढणाऱ्याला मासा ‘सोडलेला’ की ‘इथलाच’ हा प्रश्न सहसा पडत नाही. धरणात मत्स्यबीज सोडतात, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. तोच नाशिककर उन्हाळ्यात हिमाचलात तीर्थन नदीच्या काठी गळ टाकतो, तेव्हा मात्र पहिल्याच ट्राउटवरून (थंड पाण्यातला मासा) वाद पेटतो: हा ओढ्यातलाच, की हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, तयार करून सोडलेला? बहुतेकदा दोन्ही बाजू चुकीच्याच खुणेकडे बघत असतात.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. ब्राउन काय, रेनबो काय, दोन्ही ट्राउट भारतात बाहेरून आणलेले. कुल्लूत ब्राउन १९०९ साली आला. त्यामुळे इथे ‘नैसर्गिक’ म्हणजे मूळचा देशी नव्हे, तर ओढ्याच्या गोट्यांत अंड्यातून निघून तिथेच वाढलेला. ब्राउन तिथे स्वतःहून वीण घालतो; रेनबो मुख्यतः फार्मवर वाढवतात. म्हणून पहिलं काम जात ओळखण्याचं. शेपटीभर काळे ठिपके आणि अंगावर गुलाबी पट्टा असेल तर रेनबो. शेपटी जवळपास कोरी आणि अंगावर फिकट कड्यातले लाल-काळे ठिपके असतील तर ब्राउन. पण ‘ब्राउन म्हणजे नैसर्गिकच’ असंही धरू नका, त्याचीही पिल्लं हॅचरीत तयार होतात.

सगळ्यात मोठी चूक रंगावर जाण्याची. तळ काळसर असेल तर मासा काळवंडतो, वाळूवर फिका पडतो, आणि पाण्याबाहेर काढल्यावर काही मिनिटांत रंग बदलतो. गुलाबी मांसही पुरावा नाही. ओढ्यात तो रंग झिंग्यासारख्या बारीक जिवांतून येतो, फार्मवर खाद्यात मिसळलेल्या रंगद्रव्यातून.

बघायचे ते पर. सिमेंटच्या टाक्यांत मासे दाटीने राहतात, एकमेकांना चावतात, भिंतींना घासतात. पाठीवरचा पर आखूड, परातले काटे वाकडे आणि गाठाळ, छातीच्या परांची टोकं बोथट, कधी कल्ल्याचं झाकण आखडलेलं आणि नाक खरचटलेलं दिसलं, तर संशय घ्या. ओढ्यातल्या माशाचे पर टोकदार असतात, काटे सरळ आणि मधला पडदा पारदर्शक.

इथेही फसायला होतं. जाळीत पर फाटला असेल तर कड ताजी असते, पण काटे सरळच राहतात; ती हॅचरीची खूण नाही. मोसम मार्चमध्ये उघडतो तेव्हा एखाद्या मादीच्या शेपटीची फक्त खालची कड झिजलेली दिसते. तिने हिवाळ्यात अंडी घालायला गोटे उकरलेले असतात. बाकीचे पर शाबूत असतील तर तिला हॅचरीची ठरवू नका.

उलटी चूकही होते. बोटुकली असतानाच सोडलेल्या माशाचे पर वर्षभरात बरेच भरून येतात, आणि तो नैसर्गिक माशासारखाच दिसतो. तेव्हा खराब पर पाहून ‘सोडलेला’ म्हणता येतं, चांगले पर पाहून ‘नैसर्गिक’ म्हणायला मात्र थांबावं लागतं. खात्री खवल्यांवरच्या किंवा कानातल्या हाडावरच्या वाढीच्या वलयांवरून होते, पण ते प्रयोगशाळेचं काम. काठावर बसून ‘सांगता येत नाही’ असं वहीत लिहिणं अजिबात कमीपणाचं नाही.

अंगावरचे उभे गडद पट्टे हीसुद्धा पक्की खूण नाही, हॅचरीतल्या पिल्लांनाही ते असतातच. शेपटीच्या अलीकडचा छोटा मांसल पर काही देशांत हॅचरीत खूण म्हणून कापतात. जिथे ती पद्धत नाही, तिथे तो असण्यावरून काहीच ठरत नाही.

एकाच डोहात, एकाच लांबीचे चार-पाच मासे लागोपाठ लागले तर नुकतीच सोडलेली खेप असण्याची शक्यता धरा. विशेषतः रस्त्याला किंवा पुलाला लागून असलेल्या डोहात.

तपासणी मासा पाण्यात ठेवूनच करा. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो. गळाच्या टोकाजवळची उलटी आकडी आधीच पक्कडीने दाबून ठेवा, म्हणजे मासा पटकन सुटतो. कल्ल्यात बोट घालू नका. फोटो बाजूने, पर पसरलेले असताना, पाण्यातच काढा. बाहेर उचलायचाच असेल तर दहा सेकंदांच्या आत परत. परवान्यावर लिहिलेली किमान लांबी आणि दिवसाची मर्यादा गळ टाकण्याआधी वाचा. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हिमाचलात ट्राउटला बंदी असते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतल्या बेताची तारीख आधी तपासा.