जुनं स्पिनिंग रीळ: घेताना काय बघायचं, उघडायचं कसं, वापरायचं कसं

मासे गरवायला जुनं स्पिनिंग रीळ घ्यायचं मनात असेल तर रंग, चकाकी, मूळ डबा हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी हँडल अगदी हळू फिरवून बघा, एका फेरीला पाच-सहा सेकंद लागतील इतकं हळू. जोरात फिरवलं की कुठलंही रीळ बरंच वाटतं. हळू फिरवताना दर फेरीला एकाच जागी खटका लागत असेल तर गिअरचा दाता गेलाय असं समजा, आणि सगळीकडे सारखंच जड जात असेल तर बहुतेक वेळा आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालंय एवढंच. पहिलं परत ठेवा, घेऊ नका. दुसरं बिनधास्त घ्या.

आता एवढी हलकी, बेअरिंगांनी भरलेली नवीन रीळं मिळत असताना हे जुनं लोढणं कशाला, असं कोणी ना कोणी विचारतंच. खरं सांगायचं तर लांब फेकायला आणि दिवसभर हातात धरायला नवीनच बरं, त्यात वाद नाही. पण जुन्या चांगल्या रिळाची गंमत अशी की ते घरच्या टेबलावर एक-दोन स्क्रूड्रायव्हर आणि एका पान्याने उघडता येतं, आत मोजके पार्ट असतात, बहुतेक धातूचे, आणि काय बिघडलंय ते नुसत्या डोळ्याने दिसतं. चाळीस-पन्नास वर्षांनंतरही ही रीळं मासे ओढतायत ती त्यामुळेच.

थोडी ओळख. फिक्स्ड स्पूलचं, म्हणजे स्पूल (लाईन गुंडाळायची चकरी) न फिरता त्याच्या तोंडावरून लाईन सुटते असल्या रिळाचं पेटंट 1905 मध्ये इंग्लंडच्या आल्फ्रेड इलिंगवर्थने घेतलं, माणूस कापड धंद्यातला. पुढे 1930 च्या दशकात हार्डी कंपनीच्या अल्टेक्स रिळावर पूर्ण बेल, म्हणजे लाईन पकडून स्पूलवर घालणारी तारेची कमान, आली. पण आज वापरायला म्हणून घ्यायचं तर नजर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या रिळांवर ठेवा. फ्रान्सचं मिचेल 300 हे सगळ्यात सहज सापडणारं, क्लूज गावच्या कार्पानो ए पोन्स कंपनीने बनवलेलं. तो भागच घड्याळं बनवणाऱ्यांचा, आणि आतले गिअर बघितले की ते कळतं. लाखोंनी बनलं त्यामुळे पार्ट मिळतात, आणि पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी माझ्या मते ही एकच गोष्ट बाकी सगळ्यावर भारी आहे. स्वीडनच्या आबू कंपनीची कार्डिनल रीळं आणि जर्मनीची डॅम क्विक ही वर्म गिअरवाली (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर), फिरवायला फार मऊ, पण नावामुळे भाव खातात. पेनचं 706 झेड म्हणजे बेलच नसलेलं, लाईन बोटाने उचलून रोलरवर (ती जिथून वळते तिथे) टाकायची. समुद्रावर फेकणारे त्याच्यावर जीव टाकतात, कारण फेकताना मध्येच मिटायला बेलच नाही.

अजून एक गोष्ट जी घेताना हमखास राहून जाते. आजच्या बऱ्याच रिळांचं हँडल डावीकडचं उजवीकडे लावता येतं, जुन्यांत बहुतेकदा नाही. मिचेल 300 डाव्या हाताने फिरवायचं, तेच उजव्या हाताचं हवं तर 301. लहानात 308 आणि 309 तसंच. आपला हात कुठला ते आधी बघा, मग भाव करा.

बाकी तपासणी पटापट होते. बेल उघडून हँडल फिरवा, खाडकन मिटली पाहिजे, अर्धवट मिटली तर स्प्रिंग थकलीय (हा पार्ट जुन्या रिळांत सगळ्यात आधी जातो, पण मिळत असेल तर बदलणं अवघड नाही). लाईन जिथून वळते त्या रोलरवर नखाचं टोक फिरवा, चर लागली तर ती लाईन कापत राहणार. स्पूलच्या काठावर कापूस फिरवा, तंतू अडकले तर तिथे टवका आहे. रंगाखाली फुगे आले असतील तर खारं पाणी आत गेलंय, त्यात हात घालू नका. आणि स्क्रूच्या खाचा खाल्लेल्या दिसल्या तर कोणीतरी आधी आत शिरून गेलंय, मग आत काय कमी असेल सांगता येत नाही.

आता उघडणं. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत लांबी-रुंदीला नीट बसेल असंच घ्या, सैल टोकाने मऊ पितळी स्क्रूची वाट लागते. अडलेल्या स्क्रूवर पेनिट्रेटिंग ऑइलचा थेंब टाकून रात्रभर सोडा, जोर करू नका. काही रिळांत हँडलला किंवा रोटरच्या (स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाच्या) नटाला उलटे आटे असतात, म्हणजे नेहमीच्या दिशेने काढायला गेलात की अजून आवळतं, तेव्हा नट हलत नसेल तर आधी दिशा तपासा मग ताकद लावा. प्रत्येक पार्ट काढला की मोबाईलवर फोटो, आणि पार्ट काढले त्याच क्रमाने ओळीत ठेवा. सगळ्यात जास्त लक्ष गिअरखालच्या पातळ वॉशरांकडे द्या. ते ग्रीसमध्ये चिकटून बसतात, दिसतही नाहीत, आणि त्यातला एक जरी हरवला किंवा जागा चुकली तर रीळ परत जोडल्यावर घरघरतं आणि लोक म्हणतात गिअर गेला. बेलची स्प्रिंग सोडताना त्यावर फडकं धरा, डोळ्यावर चष्मा असू द्या, ती उडाली की टेबलाखाली शोधत बसावं लागतं.

धातूचे पार्ट थोड्या रॉकेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासायचे, खिडकी उघडी आणि जवळपास आग नाही एवढं बघून. ड्रॅगचे (मासा जोरात ओढतो तेव्हा लाईन थोडी थोडी सुटू देणाऱ्या ब्रेकचे) वॉशर मात्र रॉकेलपासून लांब, विशेषतः फेल्टचे म्हणजे नमद्याचे. बाहेरच्या रंगावर आणि अक्षरांवरही रॉकेल चोळू नका. नीट पुसून वाळवा, मग गिअरच्या दातांना ग्रीस, आणि बेलचे सांधे, रोलर, हँडलची मूठ यांना पातळ तेलाचा एकेक थेंब. ग्रीस दाबून भरायचं नाही, दातांवर पातळ थर पुरे, जास्त भरलं की थंडीत हँडल परत जड. पॉलिश करून आरशासारखं करायचा मोह होतो, नका करू, जुना रंग एकदा गेला की संग्राहकाच्या दृष्टीने किंमतही गेली.

ड्रॅग झटके देत सुटत असेल तर वॉशर बदला, मापाचे कार्बन फायबरचे मिळाले तर उत्तम, पण धातूचा आणि मऊ वॉशर यांचा क्रम होता तसाच ठेवा. सेट करताना साधा स्प्रिंगचा ताणकाटा लावा आणि लाईनच्या ताकदीच्या पाव भागावर ड्रॅग सुटू द्या, म्हणजे 4 किलोच्या लाईनला 1 किलो. गरवून झालं की ड्रॅग सैल करून ठेवायचा, नाहीतर वॉशर दबून चपटे होतात.

लाईन म्हणाल तर मऊ नायलॉनचा तंगूस, स्पूलच्या काठाच्या साधारण 2 मिलिमीटर खालपर्यंत. ब्रेड, म्हणजे धागे विणून केलेली लाईन, लावायचा हट्ट असेल तर खाली थोडा तंगूस गुंडाळा, नाहीतर सगळी लाईन स्पूलवर गोल घसरत राहते, शिवाय जुना रोलर न फिरणारा असेल तर बारीक ब्रेड त्यात चर पाडतो. मिचेल, कार्डिनल असल्या रिळांत स्पूल रोटरच्या वाटीत बसलेला असतो, त्यामुळे लाईन ढिली राहिली की ती स्पूलच्या मागे जाऊन दांड्याला गुंडाळली जाते आणि मग बसा सोडवत. म्हणून फेकल्यावर बेल हाताने मिटा, लाईन बोटाने ताणा, मगच हँडल फिरवा. याने स्प्रिंगही वाचते आणि लाईनला पीळही कमी पडतो.

मोठा मासा लागला की नुसतं हँडल दाबून ओढत बसायचं नाही, ही रीळं त्यासाठी नाहीत, आणि वर्म गिअरवाली तर अजिबात नाहीत. रॉडने उचला, रॉड खाली आणताना लाईन भरून घ्या, परत उचला. अँटी-रिव्हर्सचा (हँडल उलटं फिरू न देणारा) खटका लागायच्या आधी हँडल थोडं मागे जातं, ते जुन्या रिळांत चालायचंच, त्याला बिघाड समजून परत उघडायला जाऊ नका. खाऱ्या पाण्यावरून आलात तर ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, नळाची जोराची धार मारू नका कारण ती मीठ धुवायच्या ऐवजी आत ढकलते. आणि समुद्रावरच नेहमी जात असाल तर दर मोसमाला एकदा झाकण उघडून ग्रीसचा रंग बघा, हिरवट झालं असेल तर पितळ गंजायला लागलंय, लगेच साफ करा.