बर्लिनमध्ये बिऱ्हाड करायचं तर आधी टपालपेटीवर नाव लावा

बर्लिनला नोकरीसाठी गेलेल्या अनेकांचा पहिला पगार ठरल्यापेक्षा बराच कमी हातात येतो. कंपनीला तुमचा अकरा आकडी करक्रमांक मिळालेला नसतो, म्हणून ती बऱ्याचदा सर्वांत जास्त कपातीच्या सहाव्या करवर्गात तुम्हाला बसवते. जास्तीचे कापलेले पैसे पुढे परत मिळतात, पण पहिला महिना ओढाताणीत जातो. तो क्रमांक टपालानेच येतो. टपाल यायला पत्त्याची नोंदणी हवी, नोंदणीला घरमालकाचा कागद हवा, आणि पेटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. ही साखळी ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने पुरी करावी लागते.

निघण्यापूर्वी

पर्यटनाच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. पण तिथे जाऊन नोकरी शोधली आणि तोच व्हिसा बदलून घेतला, असं सहसा होत नाही. परत येऊन भारतातल्या जर्मन दूतावासाच्या वाटेनेच ‘डी’ व्हिसा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा व्हिसा, काढावा लागतो. घर बघायला आधी एक फेरी मारणार असाल तर हे लक्षात असू द्या.

सोबत नेण्याच्या कागदांत पासपोर्ट, नोकरीचा करार, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, पदवीची प्रमाणपत्रं, मुलांचे जन्मदाखले आणि महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा विवाहनोंदणीचा दाखला मूळ प्रतीत असावा. लग्नपत्रिका आणि कार्यालयाची पावती तिथे चालत नाही. दाखल्याचं जर्मन भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

मराठी नावांची एक खास अडचण आहे. आपल्या पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात बहुधा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. जर्मन कार्यालय ते सगळं तुमचंच पहिलं नाव धरतं. त्यात चूक काही नाही, फक्त करार, बँक, विमा आणि नोंदणी या सगळीकडे पासपोर्टाप्रमाणे अक्षर न् अक्षर तेच नाव द्या. लग्नानंतर आडनाव बदललं नसेल तर दोघांची आडनावं पेटीवर हवीत.

पहिलं घर तात्पुरतं, पण नोंदणी होणारं

सुरुवातीचे दोन-तीन महिने सामानासकट मिळणारी खोली घेणं सोयीचं पडतं. ती घेताना भाड्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘आनमेल्डुंग म्योग्लिश?’, म्हणजे या पत्त्यावर नोंदणी होईल का? हॉटेल आणि थोड्या दिवसांच्या भाड्याच्या जागांत सहसा होत नाही. पैसे घेऊन नुसता पत्ता ‘देणारे’ लोकही भेटतात. जिथे राहत नाही तिथली नोंदणी बेकायदा आहे आणि असा पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो.

नोंदणी: आनमेल्डुंग

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्ट, म्हणजे नागरिक कार्यालयात, नोंदणी करायची असते. मुदत विमान उतरल्यापासून मोजत नाहीत, राहायला गेल्यापासून मोजतात. बर्लिनचे १२ जिल्हे आहेत आणि शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये जाता येतं, त्यामुळे घराजवळच्या कार्यालयाची वाट बघत बसू नका. शहराच्या संकेतस्थळावर सर्व कार्यालयं एकदम निवडून वेळ शोधा. लोकांनी रद्द केलेल्या वेळा अधूनमधून मोकळ्या होतात, म्हणून ‘एकही वेळ शिल्लक नाही’ असं दिसलं तरी तासाभराने पुन्हा बघावं. ११५ या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. दोन आठवड्यांच्या आतली वेळ मिळालीच नाही, तर पुढची घ्या आणि ती केव्हा घेतली याचा ईमेल जपून ठेवा.

सोबत पासपोर्ट, भरलेला अर्ज, कुटुंब असल्यास दाखले आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. नाव लांबलचक असलं तरी कागद एक पानाचा असतो: अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या घरात राहते, असं घरमालकाच्या सहीनिशी. नुसता भाडेकरार घेऊन गेलात तर हात हलवत परत यावं लागतं.

अर्जात धर्माचा रकाना असतो. हिंदू, बौद्ध, जैन, मुस्लिम वाचकांना त्याने काही फरक पडत नाही. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक मंडळींनी मात्र समजून भरावा: बर्लिनमध्ये प्राप्तिकराच्या ९ टक्के चर्च-कर पगारातून कापला जातो, आणि त्यातून बाहेर पडायचं तर न्यायालयात तसं नोंदवावं लागतं.

नोंदणीचा कागद तिथल्या तिथे हातात मिळतो. घरी येऊन पहिलं काम पेटीवर आणि बेलवर आडनाव लावण्याचं. बर्लिनच्या जुन्या इमारतींत फ्लॅटला क्रमांकच नसतो. पत्ता म्हणजे रस्ता, घरक्रमांक आणि नाव, फार तर पुढची इमारत की अंगणापलीकडची एवढंच. त्यात काही जुन्या रस्त्यांवर घरक्रमांक एका बाजूने चढत जाऊन दुसऱ्या बाजूने उलटे येतात. १२ नंबरच्या समोर १३ असेलच असं नाही.

करक्रमांक साधारण दोन-तीन आठवड्यांत येतो. त्यामागोमाग रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं. टीव्ही असो वा नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो द्यावेच लागतात. चौघे मिळून राहत असाल तर एकानेच भरायचे, बाकीच्यांनी त्याचा वर्गणी-क्रमांक कळवायचा. जाहिरात समजून हे पत्र फेकणारे पुष्कळ निघतात आणि मग थकबाकीची नोटीस येते.

बँक आणि विमा

आरोग्यविमा पहिल्याच दिवसापासून सक्तीचा आहे. सरकारी पद्धतीच्या विम्यात हप्त्याचा निम्मा वाटा कंपनी उचलते आणि न कमावणारा जोडीदार व मुलं वेगळा हप्ता न भरता त्यात येतात. तरुण, एकट्या माणसाला खासगी विमा स्वस्त भासतो. पण त्यात प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा असतो आणि परत सरकारी विम्यात येणं अवघड होऊन बसतं. घरभाडं, वीज, विमा सगळं खात्यातून परस्पर वळतं होतं, म्हणून जर्मन खातं लवकर उघडा.

कायमचं घर

इथे सर्वांत जास्त वेळ जातो आणि सर्वांत जास्त फसवणूकही इथेच होते. जाहिरात वाचताना ‘२ त्सिमर’ म्हणजे दोन बेडरूम समजू नका. बैठकीची खोली त्यात मोजलेली असते, म्हणजे आपलं वन बीएचके. ‘काल्टमीटे’ हे नुसत्या जागेचं भाडं. त्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुधा गरम करण्याचा खर्च मिळवला की ‘वार्ममीटे’. वीज आणि इंटरनेट त्याहूनही वेगळं. ‘डब्ल्यूबीएस’ लागेल असं लिहिलेली घरं मर्यादित उत्पन्नाच्या सरकारी दाखल्यावरच मिळतात. तो नसेल तर अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटे. ते ९०० युरो असेल तर २,७०० युरो, आणि तीही तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. मालकाने नेमलेला दलाल तुमच्याकडे दलाली मागू शकत नाही. घर न दाखवता, ‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असं कुणी म्हणालं की तिथेच बोलणं थांबवा.

आणखी एक धक्का म्हणजे स्वयंपाकघर. पुष्कळ घरांत ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं, भिंतीतून नळाची टोकं तेवढी बाहेर आलेली असतात. जुना भाडेकरू आपला ओटा विकायला काढतो. किंमत पटली तर घ्या, पण लेखी करा. किल्ली घेताना भिंतींवरचे डाग, खिडक्यांच्या फटी, मीटरचे आकडे लिहून, फोटो काढून दोघांच्या सह्या करा. सोडताना अनामत याच कागदावर परत मिळते.

ती अनामत बुरशीपायी जाते हे आपल्या लोकांना उशिरा कळतं. कुकर, वाफाळता भात, घरातच वाळत घातलेले कपडे, आणि थंडी म्हणून बंद खिडक्या! दमट हवा गार भिंतीवर बसते आणि कपाटामागे काळं पडतं. खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्याऐवजी दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडा, तेवढ्यात भिंती गार होत नाहीत. बेडरूम आणि बाहेर पडण्याच्या बोळात धुराचा गजर सक्तीचा आहे, तेव्हा मिरचीच्या फोडणीआधी स्वयंपाकघराचं दार लावा आणि तिथली खिडकी उघडा.

निवास परवाना

व्हिसाची मुदत संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात ऑनलाइन अर्ज झालाच पाहिजे. वेळेत केला असेल तर निकाल लागेपर्यंत राहणं कायदेशीर ठरतं. पण अर्ज पोचल्याच्या ईमेलवर देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही. दिवाळीला किंवा भाचीच्या लग्नाला भारतात यायचं असेल तर तात्पुरता दाखला, ‘फिक्सिओन्सबेशाइनिगुंग’, हातात घेऊनच तिकीट काढा.

रोजचं

रेल्वेत फाटक नसतं, म्हणून तिकीट लागत नाही असं वाटतं. साध्या कपड्यातले तपासनीस मग ६० युरोंची पावती फाडतात. शहर ए आणि बी पट्ट्यांत, विमानतळ सी पट्ट्यात. एबीच्या तिकिटावर विमानतळ गाठायला गेलेला प्रवासी हे त्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. देशभर स्थानिक वाहतुकीला चालणारा डॉइचलांडटिकेट २०२६ पासून महिन्याला ६३ युरो आहे. तो बंद करायचा असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेआधी कळवा, नाहीतर पुढचा महिना गळ्यात पडतो.

रविवारी दुकानं बंद. दूध-भाजी शनिवारीच आणा, अडलंच तर मुख्य स्थानकातली दुकानं उघडी असतात. कोथिंबिरीच्या जुड्या, छोले, मसूर तुर्की दुकानांत मिळतात. मायबाखउफरचा बाजार मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या पत्र्याच्या डब्यावर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या यंत्रात टाकून ती परत घ्या. काचेच्या बाटल्या रात्री किंवा रविवारी कुंडीत टाकल्या तर शेजारी ओरडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

भारतीय वाहन परवाना भाषांतरासह सहा महिने चालतो, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

आणि दार. ते बाहेरून नुसतं ओढलं तरी बंद होतं, मूठ फिरवून उघडत नाही. कचरा टाकायला खाली गेलात आणि किल्ली आत राहिली, की रात्री कुलूपवाल्याला बोलवावं लागतं, आणि तो मागेल ते द्यावं लागतं. बोलावताना फोनवरच एकूण रक्कम ठरवून घ्या. त्यापेक्षा एक जादा किल्ली पहिल्याच आठवड्यात ओळखीच्या कुणाकडे ठेवा.