संमतीच्या घटस्फोटाची याचिका ई-फाइल करताना

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-बी खालची याचिका दोघांनी मिळून करायची असते. भांडण नाही, म्हणून फाइलिंगही सरळ होईल अशी समजूत असते. ती खरी ठरत नाही. ई-कोर्ट्सच्या (न्यायालयांच्या ऑनलाइन सेवेच्या) पोर्टलवरून याचिका आक्षेप लागून परत येते, तेव्हा कारण बहुतेकदा संगणकात नसते, कागदात असते. म्हणून लॉगिन करण्याआधी एक संध्याकाळ कागदांना द्या.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पॅनकार्डावर तिसरेच स्पेलिंग. याचिकेच्या शीर्षकातच 'अमुक उर्फ तमुक' असे दोन्ही लिहा आणि पोर्टलच्या फॉर्ममध्येही नाव तसेच भरा. दुसरा घोळ तारखांचा. वेगळे राहायला लागल्याची तारीख याचिकेत एक, प्रतिज्ञापत्रात दुसरी आणि समझोत्याच्या अटींत 'सुमारे दीड वर्षापासून' असे चालत नाही. दाखल करण्याआधी किमान एक वर्ष वेगळे राहणे ही कायद्याची अट आहे, त्यामुळे ही तारीख पहिल्यांदा तपासली जाते.

कोर्ट कोणते, हेही आधीच ठरवा. लग्न झाले ते ठिकाण, दोघे शेवटचे एकत्र राहिले ते ठिकाण किंवा पत्नी सध्या राहते ते ठिकाण ज्या कोर्टाच्या हद्दीत येते, तिथे दाखल करता येते. ज्या आधारावर हद्द सांगाल त्याचा पुरावा जोडा. पत्नीच्या सध्याच्या पत्त्यावर दाखल करायचे आणि जोडायचे मात्र जुन्या घराचे लाइट बिल, हा हमखास आक्षेप.

आता संच. याचिका, दोघांची प्रतिज्ञापत्रे, समझोत्याच्या अटी, लग्नाचा दाखला (नसेल तर पत्रिका आणि फोटो), दोघांची ओळखपत्रे, पत्त्याचे पुरावे, मुले असतील तर त्यांचे जन्मदाखले आणि वकील असतील तर वकालतनामा. पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा आणि भेटीचे दिवस यांतला एखादा मुद्दा सोडायचा ठरला असला, तरी 'काही मागणी नाही' असे स्पष्ट लिहा. आधारच्या प्रतीवर पहिले आठ आकडे झाकलेले असू द्या.

क्रम चुकवू नका: आधी छापा, मग प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, मग प्रतिज्ञापत्रावर शपथ आणि शिक्का, आणि त्यानंतरच स्कॅन. ए-फोर आकार, 300 डीपीआय (स्कॅनची स्पष्टता), काळे-पांढरे, ओसीआर केलेली (मजकूर शोधता येईल अशी) पीडीएफ. मोबाइलने टिपलेले तिरके, सावली पडलेले फोटो टाकू नका. पानांना सलग क्रमांक द्या, अनुक्रमणिकेतले क्रमांक त्यांच्याशी जुळवा आणि प्रत्येक जोडपत्राला बुकमार्क लावा. फाइल मोठी झाली तर पानांचा दर्जा उतरवण्यापेक्षा जोडपत्रे वेगळ्या फाइलमध्ये घ्या.

पोर्टलवर वकिलाची नोंदणी सनद (वकिलीचा परवाना) क्रमांकावर होते. स्वतः दाखल करणाऱ्यांसाठी पक्षकार म्हणून नोंदणीचा वेगळा पर्याय आहे. राज्य, जिल्हा आणि कोर्ट निवडताना यादीत जिल्हा न्यायालय आणि कौटुंबिक न्यायालय शेजारी दिसतात, तिथे बोट घसरते. प्रकरणाचा प्रकार निवडताना मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयातली अक्षरे लक्षात ठेवा: एकतर्फी घटस्फोट 'ए', मुलांचा ताबा 'डी', संमतीचा घटस्फोट 'एफ'. संमतीच्या याचिकेत दोघेही याचिकाकर्ते असतात, म्हणून जोडीदाराला सवयीने प्रतिवादी करू नका. मोबाइल नंबर दोघांचे वेगवेगळे द्या. आधारवर ई-साइन करायची असेल तर आधारला जोडलेला फोन हाताशी हवा, ओटीपी त्यावरच येतो.

कोर्ट फी 'ग्रास'वर (महाराष्ट्र शासनाच्या ऑनलाइन भरणा पोर्टलवर) भरलीत तर चलनावरचा 'एमएच'ने सुरू होणारा जीआरएन (भरण्याचा संदर्भ क्रमांक) जपा. पैसे कापले गेले पण पावती दिसत नाही, अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा भरू नका. आधी जीआरएन टाकून चलन शोधा.

सबमिट केल्यावर मिळतो तो ई-फाइलिंग क्रमांक. तो प्रकरणाचा क्रमांक नव्हे, आणि एवढ्यावर याचिका नोंदली गेली असे समजू नका. रजिस्ट्री (कोर्टाचे नोंदणी कार्यालय) छाननी करते, आक्षेप असतील तर ते तुमच्या खात्यात दिसतात. मेलची वाट न पाहता रोज लॉगिन करून बघा. दुरुस्ती करताना फक्त चुकलेले पान पाठवू नका, ती फाइल पूर्ण बदला. याचिका स्वीकारली गेली की 16 अक्षर-आकड्यांचा सीएनआर (प्रकरणाचा कायमचा ओळख क्रमांक) मिळतो. पुढच्या तारखा त्यावरच पाहायच्या. बऱ्याच ठिकाणी छापील संचही मागतात. मूळ कागद तर पडताळणीला लागतातच.

जोडीदार परदेशात असेल तर मुखत्यारपत्र तिथे अपोस्टिल (दुसऱ्या देशात चालणारे सरकारी प्रमाणीकरण) करून किंवा भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवा. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे विसरले जाते.

पहिल्या टप्प्यानंतर, म्हणजे याचिका दाखल झाल्यावर, सहा महिने थांबावे लागते आणि 18 महिन्यांच्या आत दुसरा टप्पा, म्हणजे घटस्फोट मंजूर करण्याची दोघांची मागणी, गाठावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानुसार हे सहा महिने माफ करण्याचा अर्ज करता येतो; त्यासाठी वेगळे राहून दीड वर्ष झालेले आणि सगळे मुद्दे मिटलेले असावे लागतात. हा अर्ज 'नवीन प्रकरण' म्हणून भरू नका. तोच सीएनआर टाकून चालू प्रकरणातला अर्ज म्हणून दाखल करा.