मोठ्या ट्रकच्या जवळून कार कशी चालवायची

मी बरीच वर्षं कार चालवतोय आणि त्यातली कितीतरी वर्षं मला ट्रक म्हणजे मोठी, हळू चालणारी आणि सारखी मध्ये येणारी गाडी एवढंच वाटायचं. मग एकदा ओळखीच्या एका ट्रक ड्रायव्हरने उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये मला त्याच्या सीटवर बसवलं आणि म्हणाला, आता आरशात बघून सांग तुझी कार कुठंय. कार पलीकडच्या दाराला लागूनच उभी होती, मीच लावली होती, तरी मला तिचं टपसुद्धा दिसेना. गाडी तिथे आहे हे माहीत असून दिसत नाही म्हटल्यावर मी खरंच घाबरलो, कारण त्याच जागेत रोज हायवेवर मी निवांत गाडी चालवत होतो.

तर पहिली गोष्ट ब्लाइंड स्पॉटची. मोठ्या ट्रकला चारी बाजूंनी अशा जागा असतात जिथे कार ड्रायव्हरला दिसत नाही. समोर, अगदी बंपरला लागून साधारण 6 मीटर, मागे साधारण 9 मीटर, ड्रायव्हर बसतो त्या बाजूला दारापासून मागे जाणारा साधारण एका लेनएवढा पट्टा आणि विरुद्ध बाजूला तर दोन लेनपर्यंतचा भाग. हे आकडे ट्रकप्रमाणे कमीजास्त होतात, पण विरुद्ध बाजू सगळ्यात वाईट हे जवळपास सगळीकडे खरं, म्हणून ओव्हरटेक ड्रायव्हरच्या बाजूनेच करा. सोपी खूण म्हणजे ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. आणि चेहरा दिसला म्हणजे त्याचं आपल्याकडे लक्ष आहे असं नाही हं, तो त्या क्षणी दुसरीकडे बघत असू शकतो. त्यामुळे ट्रकच्या बाजूला रेंगाळायचं नाही, एकतर पुढे निघून जा नाहीतर मागे थांबा. दोन ट्रकच्या मधल्या लेनमध्ये बरोबरीने चालत राहणं तर अजिबात नको.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची: ट्रकच्या पुढे जी मोकळी जागा दिसते ना, ती रिकामी नाहीये, ते त्याचे ब्रेक आहेत. 105 किमीच्या स्पीडला, कोरड्या चांगल्या रस्त्यावर, कार पूर्ण थांबायला साधारण 95 ते 100 मीटर लागतात. त्याच स्पीडला 36 टन वजनाच्या भरलेल्या ट्रकला साधारण 160 मीटर लागतात. एक तर वजन, त्यात बहुतेक मोठ्या ट्रकना हवेचे ब्रेक असतात, पॅडल दाबल्यावर हवा पाइपांमधून शेवटच्या चाकापर्यंत पोचून दाब तयार व्हायला अंदाजे अर्धा सेकंद जातो, आणि 80 च्या स्पीडला अर्ध्या सेकंदात ट्रक 11 मीटर पुढे आलेला असतो, ब्रेक नीट लागायच्या आधीच! ड्रायव्हर ते अंतर मुद्दाम राखून असतो आणि आपण जागा आहे बघून खुशाल आत घुसतो, पुढचा सिग्नल लाल दिसतो आणि ब्रेक मारतो. त्याच्या हातात मग काहीच उरत नाही. अर्धवट भरलेला टँकर असेल तर अजून अवघड, कारण आतलं द्रव ब्रेक मारल्यावर पुढे उसळतं आणि गाडीला ढकलत राहतं.

म्हणून ओव्हरटेक करून लेनमध्ये परत येताना आतल्या आरशात ट्रकचा पूर्ण चेहरा, दोन्ही हेडलाइट आणि त्याखालचा रस्तासुद्धा दिसला पाहिजे, आणि तेवढंही कमीत कमी धरा, स्पीड जास्त असेल तर अजून पुढे जाऊन मग इंडिकेटर देऊन वळा. पुढे आल्यावर स्पीड सोडू नका. आणि तुमची एक्झिट जवळ आली असेल तर ओव्हरटेक करूच नका, ट्रकच्या मागेच राहा, जास्तीत जास्त अर्धा मिनिट जाईल.

दुपदरी रस्त्यावरचा ओव्हरटेक हा वेगळाच विषय आहे. एकदा कागदावर हिशोब करून बघा. ट्रक 60 ने चाललाय, तुम्ही 80 ने, म्हणजे फरक 20 चा, सेकंदाला साडेपाच मीटरच. मागे 30 मीटर अंतर, ट्रक 16 मीटर, तुमची कार 4 मीटर आणि पुढे परत 30 मीटर धरले तर 80 मीटर होतात, त्याला 14 सेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्यात तुम्ही साधारण 320 मीटर गेलेले असता आणि समोरून 80 नेच येणारी गाडीही 320 मीटर जवळ आलेली असते. म्हणजे साडेसहाशे मीटर रस्ता स्वच्छ मोकळा दिसायला हवा, वळण नको, चढ नको. मला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा विश्वासच बसला नव्हता, आपण किती कमी जागेत घुसतो ते आठवलं. ट्रकवाल्याने हाताने जा म्हणून खूण केली तरी स्वतःच्या डोळ्यांनी रस्ता दिसल्याशिवाय निघू नका, त्याचा हेतू चांगला असेल पण तुमच्या गाडीचा पिकअप त्याला माहीत नाही.

मागे चालताना अंतर किती? ट्रकचा मागचा भाग एखाद्या खांबाजवळून गेला की मोजायला लागा, तुम्ही तिथे पोचेपर्यंत किमान 4 सेकंद व्हायला हवेत, पावसात किंवा धुक्यात 6 किंवा त्याहून जास्त. चिकटून चालवलं तर पुढचं काहीच दिसत नाही, सिग्नल नाही, खड्डा नाही, थांबलेली गाडी नाही. आणि धडक झालीच तर ती साधी नसते. ट्रकचा मागचा फाळका आणि कारची काच जवळजवळ एकाच उंचीवर येतात, कार सरळ खाली घुसते, पुढचं बोनेट आणि त्यातली धक्का शोषणारी रचना कामालाच येत नाही, आघात थेट काचेवर म्हणजे डोक्याच्या लेव्हलला. मागच्या बाजूला लोखंडी गार्ड असतो तो यासाठीच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. चढावर सिग्नलला ट्रकमागे थांबाल तेव्हा त्याची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढी जागा सोडा, सुटताना तो थोडा मागे येऊ शकतो.

वळणावर बरेच जण फसतात. लांब ट्रक वळतो तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून कापत जातात, त्यामुळे ड्रायव्हर आधी विरुद्ध बाजूला गाडी नेतो आणि मग वळवतो. आपल्याला वाटतं याने जागा दिली, आणि आपण त्या आतल्या फटीत कार घालतो. ती फट काही सेकंदांत बंद होते आणि नेमकी ती ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूला असेल तर तुम्ही त्याला दिसतही नाही. ट्रकचा इंडिकेटर चालू असेल तर त्याच्या आतल्या बाजूला जायचंच नाही, मागचे कितीही हॉर्न वाजवू देत. चौकात थांबताना स्टॉप लाइनच्या मागेच थांबा, ती पुढे ओलांडली की वळणाऱ्या ट्रकची जागा आपण खातो. गोल सर्कलमध्येही तो दोन्ही लेन घेईल, घेऊ द्या. रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकच्या मागून कधीच काढू नका.

घाटात चढावर ट्रकवाला स्पीड टिकवून चढत असतो, त्याला मध्येच अडवलं तर भरलेली गाडी परत वेग घेत नाही. उतारावर उलटं. सतत ब्रेक दाबून ड्रम तापले की ब्रेकची पकड कमी होत जाते, म्हणून चांगला ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये हळू उतरतो, त्याला घाई करायला लावू नका. जळका वास आला किंवा चाकातून धूर दिसला तर त्याच्या पुढे अजिबात राहू नका.

टायरचं पण बघा. कारच्या टायरमध्ये 30-35 पीएसआय हवा असते, ट्रकच्या टायरमध्ये 100 किंवा जास्त, तो शेजारी फुटला तर रबराचे तुकडे काचेवर येतात. जोराचा वारा असेल तेव्हा ओव्हरटेक करताना स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा, ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताक्षणी कार एका बाजूला ढकलली जाते. पावसात त्याच्या चाकांचं पाणी काचेवर येणार, तेव्हा वायपर आधीच फास्ट करा.

रात्री ट्रकच्या मागे हाय बीम ठेवू नका, त्याच्या मोठ्या आरशांमधून तो उजेड सरळ डोळ्यांत जातो. रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रकचे मागचे लाइट बंद असू शकतात, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेले असू शकतात, त्यामुळे रात्री कडेच्या लेनमध्ये हेडलाइटच्या उजेडात थांबता येईल एवढाच स्पीड ठेवा.

आणि तुमचीच कार लेनमध्ये बंद पडली तर ते 160 मीटर आठवा. हजार्ड लाइट चालू करा, पण गाडीत बसून मदतीची वाट बघू नका, आधी सगळ्यांना रहदारी नसलेल्या बाजूने उतरवून रस्त्यापासून लांब न्या, लहान मुलांना तर आधी. मग जमत असेल तरच मागच्या गाड्यांना इशारा देणारा त्रिकोण घेऊन कडेकडेने मागे चालत जा आणि सुरक्षितपणे जेवढा लांब ठेवता येईल तेवढा लांब ठेवा, कारच्या मागे दहा पावलांवर ठेवलेला त्रिकोण ट्रकवाल्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.